दोन गुण्ये

पेटी उघडली तेव्हा आत सगळं आपापल्या खोबणीत पाळण्यातल्या बाळांसारखं झोपलेलं होतं. पटाशा, रंधा, हातोडी, लहान करवत आणि गुण्या. मी एकेक उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवलं. माझी लेक ठिपकी माझ्या गुडघ्याला धरून उभी होती. तिने पेटीचं झाकण चाटून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. पुढे जे झालं ते बघता तिचा अंदाज माझ्यापेक्षा बरा निघाला.

आमच्याकडे हत्यार कुणाला द्यायची पद्धत नाही. "दात घासायचा ब्रश आणि पटाशी मागू नये, मागितली तर देऊ नये," असं बाबा म्हणतात. मी त्यांच्या हाताखाली शिकले, फळ्या धरल्या, पॉलिश केलं, खिळे सरळ केले, पण त्यांच्या रंध्याला हात लावायचा म्हणजे आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचं. मग बाबांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी चहाचा कप वाजायला लागला, नंतर करवत. घराखालची कारखान्याची खोली बंद राहू लागली, आणि समोरच्या गादीवाल्याने दोनदा येऊन विचारलं, "काका, कापूस ठेवायला जागा लागते हो. तुमची खोली नुसतीच धूळ खातेय."

"नुसती कुठे खातेय?" मी म्हटलं. "मी आहे ना."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग कडेवरच्या ठिपकीकडे. त्या बघण्यात नकार नव्हता, पण होकारही नव्हता. रात्री जेवताना ते आईला म्हणाले, म्हणजे मलाच म्हणाले, "शिंपिणीच्या कपाटाची दारं फुगलीयेत, नवी हवीत तिला. ही करू दे एकटीने. बसली नीट, तर खोली हिची. नाही बसली, तर गादीवाल्याला किल्ली देऊन टाकतो. पोरीला उगाच आशेवर ठेवायला नको."

"आणि हत्यारं?" मी विचारलं.

"ती माझी. तुझी तू घे."

म्हणून ती पेटी आली.

गुण्या कुणाला माहीत नसेल तर सांगते. लाकडी दांडा, आणि त्यात काटकोनात बसवलेलं पोलादी पातं. फळीच्या कडेला दांडा टेकवायचा, पात्याला लागून रेघ ओढायची, की रेघ कडेशी बरोबर काटकोन करते. सुताराचं सगळं काम त्या रेघेवर उभं. आमचं तर अख्खं घरच उभं होतं. बाबा चांगल्याला चांगलं म्हणत नाहीत, 'गुण्यात आहे' म्हणतात. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटून आले तेव्हा आईने विचारलं, कसा वाटला मुलगा? "गुण्यात वाटतो." ठिपकी झाली तेव्हा डॉक्टरीणबाई वजन सांगत होत्या, टोचण्या सांगत होत्या. बाबांनी बाळ हातावर घेतलं, डोक्यापासून टाचेपर्यंत एक नजर फिरवली आणि म्हणाले, "गुण्यात आहे." तेव्हा कुठे आईने डोळे पुसले.

नवी हत्यारं मात्र गुण्यात नव्हती. पटाशीला मी दगडावर छान धार लावली, आणि दोन खाचा पाडेपर्यंत ती लोण्याची सुरी झाली. रंधा लाकडावरून सरकायचा नाही, थरथरत उड्या मारायचा, आणि मागे जिन्यासारख्या पायऱ्या सोडायचा. हातोडीचं डोकं सैल. मी ते पाचर मारून बसवलं, तर दांड्याला चीर गेली. मला वाटलं, मीच चुकतेय. मग वाटलं, नाही, हत्यारच चुकतंय. मग ठिपकी उठायची, आणि दोन्ही विचार अर्धेच राहायचे.

संध्याकाळी नवरा औषधांच्या दुकानातून आला की खाली डोकावायचा. "काय म्हणतात तुझे नवे सवंगडी?"

"रंधा उड्या मारतो."

"नाचता येईना, अंगण वाकडं."

"अंगण खरंच वाकडं असलं तर?"

"तर नाचणारी बाई बिचारी," तो म्हणाला आणि ठिपकीच्या केसांतल्या लाकडाच्या ढलप्या वेचायला लागला. ढलप्या तिला फार आवडतात. ती त्या मुठीने डोक्यावर घालून घेते आणि मग कोणी दिसलं की मान खाली करून दाखवते.

पेटीतली एकच गोष्ट मला आवडली, ती गुण्या. हातात बसायचा, पातं हलायचं नाही, रेघ केसासारखी. बाकी सगळ्याने फसवलं तरी याच्या जिवावर दारं होतील, असं मी मनाशी धरून चालले.

शिंपीणमावशींचं कपाट बाबांनीच केलेलं, माझ्या जन्माआधी. माप घ्यायला गेले तेव्हा मी उंची घेतली, रुंदी घेतली आणि टेप गुंडाळली. तिसरं माप, म्हणजे चौकट काटकोनात आहे का ते कळायला या कोपऱ्यातून तिरकं त्या कोपऱ्यात, आमच्याकडे घेत नाहीत. "तिरकं माप घेतो त्याचा स्वतःच्या गुण्यावर भरवसा नाही," असं बाबा म्हणतात. दुसऱ्या सुतारांनी तिरकी टेप लावली की ते तोंड फिरवून उभे राहतात, जणू समोरच्याने चारचौघांत लंगोट बांधायला घेतला. त्यामुळे ते माप घ्यावं हे माझ्या मनातही आलं नाही.

दारं झाली. थरथरत्या रंध्याने, मऊ पटाशीने, दोन बोटांना चिंध्या बांधून, पण झाली. बाबांनी ती खाली येऊन पाहिली, हात लावला नाही. "बसव," एवढंच म्हणाले.

मावशींचं दुकान म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या घराचीच पुढची खोली. त्यांनी शिलाईयंत्र बाजूला सरकवलं, कापडाचे तागे पलंगावर काढून ठेवले आणि ठिपकीला रिकाम्या रिळांची माळ दिली. मी बिजागऱ्या मारल्या, डावं दार लावलं, उजवं लावलं, दोन्ही मिटली आणि मागे सरकून बघितलं.

डावं दार मधोमध खाली उतरलं होतं. उजवं वर चढलं होतं. दोन्ही जिथे भेटतात तिथे बोटभर पायरी.

मावशी चष्मा कपाळावरून नाकावर आणत म्हणाल्या, "अगं, या दोघी जावा भांडल्यात का काय?"

"बिजागरी वर-खाली झाली असेल," मी म्हटलं आणि बिजागऱ्या सोडून पुन्हा मारल्या. पायरी तशीच. खाली पाचर घालून पाहिली. मग पायरी मधून निघून कडेला गेली.

"घाई नाही गं मला," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माया होती आणि ती मला पायरीपेक्षा जास्त टोचली. "तुझ्या बाबांनी लावली होती ना, ती कशी, वारा सुटला की आपोआप मिटायची. लेकीच्या हातात ते येईलच. आज नाही तर उद्या."

मी दारं उतरवली आणि हातगाडीवर घालून परत आणली. गादीवाला आपल्या दुकानाच्या पायरीवर बसला होता. त्याने गाडीकडे बघितलं, उठून कापसाची एक गाठ उगाच इकडची तिकडे केली.

"काय झालं?" बाबांनी वरून विचारलं.

"थोडं तासायचं राहिलंय."

ते खोटं नव्हतं. काय तासायचं, कुठून तासायचं, हेच मला माहीत नव्हतं.

दारं मी जमिनीवर ठेवली आणि गुण्या लावला. चारही कोपरे बरोबर. पुन्हा लावला. बरोबर. दार बरोबर, आणि बसत नाही. मग चूक कोणाची? माझ्या हाताची म्हणावी, तर कोपरे बरोबर कसे? गुण्याची म्हणावी, तर तो स्वतःच स्वतःला बरोबर म्हणतोय, चोराने पंचनामा लिहावा तसा. तेव्हा लख्ख वाटलं की हेच. पेटीतलं बाकी सगळं फसवं निघालं, मग हाच कसा साधू निघेल? मला एकदम हलकं वाटलं. गुण्या खोटा असला तर मी खरी.

दुसऱ्या दिवशी ठिपकीला पाठीशी बांधून हत्यारवाल्याच्या दुकानात गेले आणि पेटी त्याच्या टेबलावर ठेवली.

"ताई, घेताना तर हसत गेला होतात."

"पटाशीला धार राहत नाही. रंधा नाचतो. हातोडीचं डोकं गळतंय."

तो पटाशीच्या धारेवरून अंगठा फिरवत म्हणाला, "हे बघा, खोटं बोलत नाही. पेटीतलं सामान असंच असतं. भेट द्यायला लोक नेतात. कुणी त्याने काम करेल असं आम्हाला वाटत नाही."

"मग विकताना का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही म्हणालात, पेटी सुंदर आहे. मी म्हटलं, आहे."

मी गुण्या पुढे केला. "आणि हा खोटा आहे. याच्यामुळे माझं काम बिघडलं."

त्याने गुण्या घेतला, एक सरळ कडेची फळी ओढली आणि दांडा टेकवून रेघ मारली. मग गुण्या उलटा करून, दांडा दुसऱ्या बाजूने त्याच कडेला टेकवला आणि त्याच ठिपक्यापासून दुसरी रेघ मारली. दुसरी रेघ पहिलीवरच पडली. एकच रेघ दिसत होती, जरा जाड.

"खोटा असता तर दोन्ही रेघा कात्रीसारख्या उघडल्या असत्या," तो म्हणाला. "ताई, पेटीत एकच वस्तू अस्सल आहे, आणि तुम्ही नेमकी तीच परत करताय. बाकीचं म्हणाल तर बदलून देतो."

मला काहीच बदलून नको होतं. मला तो गुण्या खोटा हवा होता. पाठीवरून ठिपकीने माझ्या कानात बोट घातलं आणि मी तशीच उभी राहिले, त्या जाड रेघेकडे बघत.

घरी आले तेव्हा दुपार होती. आई वर ठिपकीला भरवत होती, बाबा पडले होते. मी खाली गेले. भिंतीवर बाबांचा गुण्या टांगलेला असतो, दांडा त्यांच्या घामाने काळाभोर झालेला. मी तो कधी उचलला नव्हता. उचलला तो का, हे मलाही सांगता येणार नाही. दारांची चूक कुठेच सापडत नव्हती, आणि जिथे शोधायचं राहिलं होतं अशी ती एकच जागा होती, एवढंच. फळी घेतली, रेघ ओढली, गुण्या उलटा केला आणि दुसरी ओढली.

रेघा कात्रीसारख्या उघडल्या.

मी फळीची कड तपासली, सरळ होती. पेन्सिलीला टोक केलं. दुसरी फळी घेतली. पुन्हा कात्री. मग माझ्या गुण्याने बाजूलाच दोन रेघा ओढल्या, त्या एकच पडल्या. मी खाली बसले. समोर बाबांनी केलेलं स्टूल, वर त्यांनी केलेली फडताळं, खिडकीची चौकट, जिन्याचा कठडा. वरच्या खोलीतला माझा पलंग आणि त्याला लागून ठिपकीची खाट. मी प्रत्येकाकडे असं बघत होते जणू आत्ता काहीतरी घसरेल. काही घसरलं नाही. इतकी वर्षं घसरलं नव्हतं.

मग हळूहळू डोक्यात आलं. शिंपीणमावशींची चौकट बाबांच्या गुण्याची, म्हणून ती एका अंगाला कललेली. त्यांची जुनी दारंही त्याच गुण्याची, म्हणून तितकीच, त्याच अंगाला कललेली. दोघांचं गुण्यागोविंदाने चाललं. माझी दारं खरी होती, म्हणूनच बसत नव्हती. हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. पण वर बाबा झोपले होते, आणि त्यांनी ठिपकीला डोक्यापासून टाचेपर्यंत ज्या नजरेने पाहिलं होतं ती नजर या पात्यावर घडलेली. आता 'गुण्यात' म्हणजे काय समजायचं? आणि हे त्यांना सांगायचं कोणी? दातही आपले, ओठही आपले.

जिना वाजला. बाबा खाली येत होते. फळी लपवावी असं वाटलं, पण हातात दोन्ही गुण्ये होते.

त्यांनी फळी उचलली आणि खिडकीकडे धरली. उघडलेल्या रेघा बघितल्या, मिटलेल्या बघितल्या. कोणत्या रेघा कोणाच्या, असं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एका रेघेवरून त्यांनी अंगठ्याचं नख नेलं. हात थरथरत होता, नख मात्र रेघ सोडून गेलं नाही. मग त्यांनी फळी टेबलावर ठेवली, आपला रंधा घेतला आणि सगळ्या रेघा तासून काढल्या. रंधा कसा रेशमावरून गेल्यासारखा गेला. थांबले तेव्हा दमले होते.

"चांगली फळी खराब करू नये," म्हणाले.

"बाबा, दारं बसत नाहीत."

"ऐकलं. शिंपिणीने आईला सांगितलं." त्यांनी आपला गुण्या माझ्या हातातून घेतला, पातं पुसलं आणि परत माझ्याच हातात दिला. "याने कर."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "तुमचा?"

"दांडा नेहमी डाव्या हाताला ठेवायचा. उलटा करायचा नाही."

"का?"

"सवय आहे त्याला."

त्याला म्हणजे कोणाला, गुण्याला की हाताला, हे मी विचारेपर्यंत ते निम्म्या जिन्यावर पोचले होते. माझा नवा गुण्या खोटा निघाला असं त्यांना वाटलं असेल का? का त्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं? मी आईला आडून विचारलं, "बाबांचा गुण्या कधी पडला होता का गं?"

"पडायला काय, माणसंही पडतात," आई ठिपकीचं तोंड पुसत म्हणाली. "तू लहान असताना की त्याआधी, आठवत नाही. पण कपाट कुठे पोचवायचं असलं की खिशात पाचरा घेऊन जायचे. मी म्हणायची, लोकांच्या जमिनी एवढ्या वाकड्या कशा हो? तर म्हणायचे, असतात."

यातून काय काढायचं ते मी कितीदा तरी काढून पाहिलं. दर वेळी वेगळंच निघालं.

दारांच्या वरच्या आणि खालच्या कडांना पट्ट्या चिकटवून वाळवल्या. मग बाबांच्या गुण्याने, दांडा डाव्या हाताला धरून, नव्या रेघा ओढल्या आणि त्या रेघांवर कापलं. डोळ्यांना दिसत होतं की मी चुकीचं कापतेय. हात म्हणत होता, काप. पेटीतल्या पटाशीला दर थोड्या वेळाने धार लावत राहिले. रंध्याचं पातं बाहेर काढून त्याखाली कागदाची घडी सारली, तेव्हा तो जरा शहाण्यासारखा वागायला लागला. दारं झाली तेव्हा ती जमिनीवर कललेली दिसत होती, पाहुण्यांपुढे एका पायावर उभ्या असलेल्या पोरासारखी.

बसवायला गेले तर बाबाही आले. मावशींच्या जिन्यावर दोनदा थांबले, पण आले. मी डावं लावलं, उजवं लावलं. मिटलं. मध्ये पायरी नव्हती. फट वरपासून खालपर्यंत सारखी, पोस्टकार्ड सरकेल इतकी.

"झालं की समेट," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी दारं उघडून सोडून दिली. ती वाऱ्याशिवायच हलके हलके येऊन मिटली. "बघ. याला म्हणतात बापाचा हात."

बाबांनी दाराकडे फार बघितलं नाही. फटीत नख घातलं, काढलं, आणि मग माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटत होतं की मी बोलू नये असं वाटत होतं, मला समजलं नाही. मी हातोडी पिशवीत भरली.

घरी येताना गादीवाल्याच्या दुकानापाशी ते थांबले. "कापसाला दुसरीकडे बघा," म्हणाले. "खोलीत काम चालू आहे." गादीवाल्याने मान डोलावली आणि ठिपकीला कापसाचा एक चेंडू दिला. तिने तोही डोक्यावर ठेवून मान खाली करून दाखवली.

त्याच आठवड्यात समोरच्या नव्या इमारतीतून एक बाई आल्या. त्यांना पुस्तकांसाठी कपाट हवं होतं, दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसणारं. मी जाऊन माप घेतलं. भिंती नव्या होत्या, गवंड्याने ओळंबा लावून बांधलेल्या. उंची घेतली, रुंदी घेतली. मग बाईंची पाठ वळली तेव्हा टेप तिरकी लावली, आणि माझे मलाच कान गरम झाले.

खोलीत परत आले, फळी टेबलावर ठेवली. एका हातात बाबांचा गुण्या, दुसऱ्या हातात माझा. बाबांच्या गुण्याने करावं तर कपाट भिंतीत बसणार नाही, पाचरा लागतील. माझ्याच गुण्याची सवय लावली, तर उद्या बाबांनी केलेलं जुनं काही दुरुस्त करायला घेतलं की पुन्हा पायरी. आणि बाबांच्या डोळ्यांसमोर त्यांचा भिंतीवर टांगून आपला वापरायचा, ते कसं दिसेल?

बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. ठिपकी त्यांच्या पायांवर बसून त्यांच्या थरथरत्या बोटाला धरून डुलत होती. तिला तो खेळ वाटतो.

"बाबा," मी म्हटलं, "या कामाला कोणता घेऊ?"

त्यांनी घसरणाऱ्या ठिपकीला सावरून पुन्हा पायांवर बसवलं.

"खोली कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"मग मला काय विचारतेस?"

त्यांचा आवाज नेहमीचाच होता. त्यात राग शोधला, नव्हता. सुटका शोधली, तर ती आहे असं वाटलं आणि लगेच नाही असंही वाटलं. मी दोन्ही गुण्ये फळीवर शेजारी शेजारी ठेवले आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.